खांदा, पट्टा आणि सहा महिने: ऑपरेशननंतर नेमकं होतं काय?

हा आपल्या खांद्यावरच्या एपिसोडचा लिहिलेला मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘अं...’, ‘म्हणजे कसं’ आणि मागे चाललेल्या कूलरची घरघर काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं हे मागे एकदा ओझरतं सांगितलं होतं. तेव्हापासून जेवढ्या व्हॉईस नोट आल्या तेवढ्या आजवर कुठल्याच विषयावर आल्या नव्हत्या. ‘भाऊ, माझाही खांदा सरकते, ऑपरेशन करू का?’ ‘पट्टा किती दिवस राहते?’ ‘गाडी कधी चालवायची?’ एका पोट्ट्यानं तर सरळ विचारलं, ‘दुखून नाही राहिलं आता, तरी पट्टा कायले?’ या शेवटच्या प्रश्नात खरी गोम आहे. त्यावर आपण सविस्तर येऊ.

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन झालेला, आणि डॉक्टर-फिजिओला प्रश्न विचारून विचारून हैराण केलेला माणूस आहे. त्यामुळे इथलं ऐकून-वाचून समज वाढवा, पण आठवड्यांचा हिशोब तुमच्याच सर्जनचा धरा.

लिंबू आणि चमचा

शाळेत लिंबू-चमच्याची शर्यत धावलात ना? तोंडात चमचा, त्यावर लिंबू. खांदा साधारण तसाच आहे. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल, लिंबासारखं. पाठीच्या फऱ्याच्या हाडाला जी खोबण आहे ती मात्र अगदी उथळ, चमच्यासारखी. कमरेच्या खुब्यात असं नसतं. तिथं गोळा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून खुबा सहसा निखळत नाही. पण खुबा गोल फिरवून तुम्हाला बॉलिंगही टाकता येत नाही. खांद्याला निसर्गानं मोकळीक दिली, आणि तिची किंमत म्हणून पक्केपणा काढून घेतला.

मग लिंबू पडत का नाही? एक तर चमच्याला कड आहे. खोबणीच्या भोवती कुर्च्यासारख्या चिवट पदार्थाची गोल कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. तिच्यामुळे खोबण थोडी खोल होते. तिला जोडून सांध्याभोवती अस्थिबंधांची पिशवी असते. आणि या सगळ्याच्या वर चार स्नायू चारी बाजूंनी गोळ्याला खोबणीत दाबून धरतात. मांडवाचा खांब चार दोरांनी ताणून धरतात ना, तसं. या चौघांच्या कंडरांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. दोर ढिला पडला की खांब डुगडुगतो.

खांदा निखळतो तेव्हा लिंबू बहुतेक वेळा पुढच्या बाजूला घसरतं, आणि जाता जाता ती कड हाडापासून उचकटून टाकतं. लंडनचे सर्जन ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या उचकटलेल्या कडेवर लिहिलं. म्हणून आजही अमरावतीच्या एमआरआय रिपोर्टवर ‘बँकार्ट’ हा शब्द छापून येतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो एखाद्या औषधाच्या कंपनीचा वाटला होता.

आता तरुण पोरांसाठी महत्त्वाचं. पहिल्यांदा खांदा निखळतो तेव्हा वय जितकं कमी, तितकी तो पुन्हा निखळायची शक्यता जास्त. विशीतल्या खेळणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त जणांचा तो परत जातो. उचकटलेली कड बऱ्याचदा जागच्या जागी नीट चिकटत नाही, जराशी खाली सरकून चिकटते. मग पुढच्या वेळी लिंबू पडायला शर्यत लागत नाही. माझा पहिला गेला एकोणिसाव्या वर्षी, कबड्डीत, रेडरला साखळीत धरताना. पाचवा गेला बनियन काढताना. त्यानंतरच सर्जननं एमआरआय समोर धरून सांगितलं की व्यायामाचं काम आता संपलं, कड शिवावी लागेल.

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे खांद्याला दोन-तीन छोटी भोकं. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजारं. खोबणीच्या हाडात बारीक अँकर बसवतात. भिंतीत रावळ ठोकतो तसं समजा. त्या अँकरला धागा असतो, त्यानं कड पुन्हा हाडाशी बांधायची. पुन्हा पुन्हा निखळून खोबणीचं हाडच झिजलं असेल तर नुसत्या शिवणीनं भागत नाही. तेव्हा शेजारचा हाडाचा तुकडा आणून पुढे बसवतात. त्या पद्धतीला लाटार्जे म्हणतात, आणि तिचं वेळापत्रक थोडं निराळं असतं.

आणखी एक. रोटेटर कफ फाटला म्हणून झालेलं ऑपरेशन आणि निखळतो म्हणून झालेलं ऑपरेशन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. कफवाल्यांना साधारण जास्त धीर धरावा लागतो, पूर्ण ताकद यायला वर्षही लागतं. गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाला प्लेट बसवणं तिसरंच. तेव्हा शेजारच्या काकांनी तीन आठवड्यांत पट्टा काढला म्हणून आपणही काढायचा, असं नसतं. काकांचं ऑपरेशन कोणतं होतं ते आधी विचारा.

वानखेडेवर हुर्यो, आणि मग सहा महिने

हे सगळं आपल्यासारख्यांनाच होतं असं नाही. मार्च २००६. मुंबईत इंग्लंडविरुद्ध कसोटी. सचिन तेंडुलकर पहिल्या डावात एका धावेवर बाद झाला आणि वानखेडेवर, त्याच्या स्वतःच्या मैदानावर, प्रेक्षकांतून हुर्यो उडवली गेली. त्याचा उजवा खांदा तेव्हा आतून बिघडलेला होता. कसोटी संपली, तो लंडनला गेला, ऑपरेशन झालं. त्या वर्षीचा वेस्ट इंडिजचा अख्खा दौरा त्याला सोडावा लागला. परतला तो सप्टेंबरमध्ये. १४ सप्टेंबर २००६, क्वालालंपूर, वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१.

मला त्यातली १४१ ही संख्या तेवढी महत्त्वाची वाटत नाही. मार्च ते सप्टेंबर हे अंतर पाहा. जगातला उत्तम डॉक्टर, उत्तम फिजिओ, पैशाला कमी नाही, आणि तरी सहा महिने.

दुसरं उदाहरण तुमच्यापैकी बहुतेकांनी मोबाईलवर लाइव्ह पाहिलं असेल. २३ मार्च २०२१, पुण्याजवळ गहुंज्याचं मैदान, पुन्हा इंग्लंडच. श्रेयस अय्यरनं चेंडू अडवायला झेप घेतली, डावा खांदा जमिनीवर आपटला, हात धरूनच तो बाहेर गेला. एप्रिलमध्ये ऑपरेशन. दिल्लीच्या संघाचा कर्णधार होता तो, ते पद ऋषभ पंतकडे गेलं. सप्टेंबरमध्ये युएईत आयपीएलचा उरलेला भाग झाला तेव्हा अय्यर खेळायला परतला, पण कर्णधार पंतच राहिला. नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पण केलं आणि १०५ धावा काढल्या. एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे इथंही पाच महिने गेले. शरीराला तुमचा पगार कळत नाही.

आपल्या अमरावतीला खांद्याचं कौतुक नवं नाही म्हणा. १९१४ मध्ये सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मल्लखांबावर चढलेला पोरगा बघा कधी. अख्खं शरीर दोन खांद्यांवर लटकलेलं असतं. हे ज्याला जमतं त्याच्या फऱ्याच्या स्नायूंकडे पाहा, कारण खांद्याच्या रिकव्हरीत त्या फऱ्याचं काम फार मोठं आहे. ते पुढे सांगतो.

पहिली रात्र

ऑपरेशनला भूल पूर्ण देतात, आणि बऱ्याचदा मानेजवळ एक इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करतात. त्याला ब्लॉक म्हणतात. शुद्धीवर आलो तेव्हा काहीच दुखत नव्हतं. हात माझा आहे असंच वाटत नव्हतं, कुणीतरी मांडीवर आणून ठेवल्यासारखा. आईला म्हटलं, ‘हे तर सोपं निघालं वं.’

हा ब्लॉक साधारण बारा ते चोवीस तासांत उतरतो. आणि तो उतरतो नेमका मध्यरात्री, असा बहुतेकांचा अनुभव. दुखणं पायरी-पायरीनं येत नाही, एकदम येतं. म्हणून नर्सनं सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो: दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची नाही, ब्लॉक उतरायच्या आधीच ठरलेल्या वेळेला घ्यायची. बोटांत मुंग्या येऊ लागल्या की समजा, पाहुणा दाराशी आला.

पहिले काही दिवस आडवं झोपणं जमत नाही. अर्धवट बसूनच झोपायचं. घरात तसली खुर्ची नसेल तर भिंतीला लोड लावा, गादी दुमडा. कोपर मागे पडू देऊ नका, त्याखाली उशी ठेवा. कोपर मागे गेलं की गोळा पुढे ढकलला जातो, आणि शिवण नेमकी पुढेच आहे. ही एक गोष्ट समजली की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतात.

पट्ट्यातले सहा आठवडे, तेही वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात

माझं ऑपरेशन एप्रिलमध्ये. म्हणजे पट्ट्याचे दिवस मे महिन्यात. अकोल्याचा मे काय असतो हे अकोलेकराला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे, आणि तुमच्या अंगाला जाड फोमचा पट्टा बांधलेला. पुस्तकातल्या सूचना थंड देशात लिहिलेल्या असतात. त्यात काखेतल्या घामाचा उल्लेख नसतो. आपल्याकडे पट्ट्यातली सगळ्यात मोठी कटकट तीच. काख ओली राहिली की पुरळ, मग फोड, मग वास, आणि शेजारीच टाके.

मला फिजिओनं जमवून दिलेली युक्ती अशी. कमरेत पुढे वाकायचं, दुसऱ्या हातानं टेबल धरायचं, आणि ऑपरेशनचा हात ढिला सोडून लोंबू द्यायचा. हात अंगापासून आपोआप दूर होतो, तुम्ही तो उचलत नाही. मग ओल्या फडक्यानं काख पुसायची, कोरड्यानं टिपायची. उठताना हात दुसऱ्या हातानं आधार देऊन परत पट्ट्यात. जखम कोरडी ठेवायची असते तोवर अंघोळ कमरेखाली. टाके निघाले, डॉक्टरनं हो म्हटलं, की मग पाणी.

शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. टी-शर्ट विसरा, पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढा. माझ्या बाबांचे दोन जुने सुती शर्ट मी दीड महिना घातले. बर्फाचा शेक पहिल्या दिवसांत फार कामाचा: फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही.

बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं, तशी परवानगी बहुतेकांना मिळते. मूठ उघड-बंद, दिवसातून खूपदा. नाहीतर हात सुजतो आणि कोपर आखडतं. मोबाईलचं काय, हे तुम्ही विचारणारच. पट्ट्यात हात ठेवूनच बोटांनी टाईप करता येतं. त्रास मानेला होतो. पट्टा गळ्यात, वरून मान खाली घालून चार-चार तास रील. मला खांद्यापेक्षा मानेचं दुखणं जास्त झालं होतं. मोबाईल कशाला तरी टेकवून डोळ्यांसमोर ठेवा.

आणि मग येतात पाहुणे. प्रत्येक पाहुण्याकडे एक तेल असतं. ‘अबे, पहेलवानाकडे घेऊन जा याले, एका मालिशीत मोकळा होईन.’ आमच्या आत्याबाईनं तर डबीच आणली होती. पहेलवान लोकांच्या हातात कला असते, मी नाकारत नाही. पण शिवलेल्या खांद्याला ओढून-ताणून मोकळं करणं म्हणजे नुकत्याच सारवलेल्या ओट्यावर नाचणं. खांदा पहिल्यांदा निखळतो तेव्हाही हेच. एक्स-रे न काढता कुणी ओढून बसवायला गेलं तर हाड मोडलेलं असू शकतं. सांध्याखालून जाणारी नस दुखावली असू शकते. आधी एक्स-रे, मग बाकी.

‘दुखून नाही राहिलं, तरी पट्टा कायले?’

आता त्या पोट्ट्याच्या प्रश्नाकडे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं बरंच ओसरतं. टाके निघालेले, भोकं भरलेली, झोप लागायला लागलेली. आतून वाटतं, झालं! आणि नेमका हाच काळ सगळ्यात धोक्याचा.

कारण दुखणं आणि जुळणं यांची घड्याळं वेगळी आहेत. दुखणं सुजेवर चालतं, सूज काही आठवड्यांत उतरते. जुळणं मात्र सावकाश. अँकर आणि धागा कडेला कायमची धरून ठेवणार नाहीत. ते फक्त तात्पुरते धरून बसलेत, तोवर कड आणि हाड यांच्यामध्ये शरीर स्वतःचं नवं ऊतक तयार करतं. सुरुवातीचं हे ऊतक कच्चं, अस्ताव्यस्त धाग्यांचं. सहा आठवड्यांत ते हलकं काम सोसण्याइतकं होतं, बारा आठवड्यांच्या आसपास बऱ्यापैकी पक्कं, आणि त्यानंतरही कित्येक महिने धागे ताणाच्या दिशेनं रचले जात राहतात. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी वरून टणक दिसतो. तरी मिस्त्री खालचे टेकू काढत नाही ना? तेच.

या काळात एक हालचाल तर मनातून काढूनच टाका: हात बाजूला उचलून बाहेर फिरवणं. चेंडू फेकायच्या आधी हात मागे जातो ती स्थिती. किंवा गाडीच्या मागच्या सीटवरून पिशवी ओढणं. गोळा पुढे घसरतो तो इथंच.

उलट बाजूही सांगतो. भीतीपोटी चार महिने पट्टा बांधून बसलेला माणूसही मी पाहिलाय. खांदा अजिबात हलवला नाही की सांध्याची पिशवी आखडते. मधुमेह असेल तर आखडण्याचा धोका अधिक. म्हणजे कमी नाही आणि जास्तही नाही, असा हा कारभार आहे, आणि म्हणूनच फिजिओ लागतो.

फिजिओची खोली

पहिला व्यायाम बहुतेकांना मिळतो तो लोलकाचा. पुढे वाकायचं, हात लोंबू द्यायचा, आणि कमरेनं हलकं झुलायचं म्हणजे हात आपोआप घड्याळाच्या लंबकासारखा हलतो. हातानं हलवायचा नाही. अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो. खांद्यावरचं त्याचं पुस्तक १९३४ चं. नव्वद वर्षं झाली, ना मशीन, ना वीज, ना सबस्क्रिप्शन, तरी अजून चालू आहे.

त्यानंतर दुसऱ्या हाताच्या मदतीनं हात उचलणं. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हातानं दुसऱ्याला वर ढकलणं. दारावर पुली. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढणं. मी भिंतीवर पेन्सिलनं रोज खूण करायचो. आईनं दिवाळीत रंग दिला तरी तेवढा पट्टा सोडायला लावला. मग साधारण सहा आठवड्यांनंतर हात स्वतःच्या ताकदीनं. आणि बारा आठवड्यांच्या पुढे रबरी पट्टी, हलकी वजनं.

इथं फरा येतो. हात वर जातो तेव्हा फक्त दंड वर जात नाही, पाठीवर फऱ्याचं हाडही फिरतं. तो फिरला नाही की लिंबू वर जातं आणि चमचा जागेवरच. मी आरशात पाहायचो तर हात वर नेताना माझा अख्खा खांदा कानाला जाऊन भिडायचा. फिजिओताई मागून फऱ्यावर दोन बोटं ठेवून म्हणायच्या, ‘दादा, कानाला नाही, खिशाकडे न्या.’ फरे खाली-मागे, मागच्या खिशाकडे. एवढं एक वाक्य मला सगळ्या यूट्यूब व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

त्याच खोलीत मूर्तिजापूरकडचा एक पोरगा यायचा. वय बावीस. उजवा खांदा, माझंच ऑपरेशन, माझ्यानंतर तीन आठवड्यांनी. तो पोलीस भरतीची तयारी करणारा. मैदानी चाचणीचे ५० गुण: १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. बापाकडे कोरडवाहू जमीन, ऑपरेशनसाठी घेतलेलं उसनं अजून फिटायचं होतं. आणि मैदानीची तारीख जवळ येतेय अशी रोज नवी अफवा व्हॉट्सॲपवर.

तो फिजिओताईंना रोज एकच विचारायचा, ‘मॅडम, गोळा कधी?’ ताई रोज एकच सांगायच्या, ‘सहा महिने झाले की सर तपासतील, मग.’ त्याला ते ऐकू जायचं नाही असं नाही. पण चाचणी चौथ्या महिन्यात लागली तर? एकदा पुलीवर हात ओढता ओढता त्यानं मला गणित मांडून दाखवलं. पात्र व्हायला निम्मे गुण, म्हणजे २५. धावण्याचे दोन्ही मिळून ३५. ‘म्हणजे भाऊ, गोळा शून्य धरला तरी पास होऊ शकतो. पण मेरिटले पंधरा मार्क म्हणजे काय असते, तुले मालूम नाही.’ मला खरंच मालूम नव्हतं. धावायची परवानगी त्याला साधारण तिसऱ्या महिन्यानंतर मिळाली, आधी हळू, सपाट जमिनीवर. गोळ्याची नाही. त्यानं डाव्या हातानं फेकून पाहायला सुरुवात केली. सर्जननं तेही थांबवलं नाही, फक्त उजवा हात झटका खाणार नाही हे फिजिओसमोर करून दाखव म्हणाले. डाव्या हाताचा गोळा पहिल्या दिवशी कुठे पडला ते तो सांगत नाही, नुसता हसतो.

खर्च, रस्ता आणि खर्रा

फिजिओ रोज परवडत नाही, हे मी जाणतो. गाव अकोल्यापासून तीस किलोमीटर, एसटीचं तिकीट, एक मजुरी बुडाली. तेव्हा पहिल्याच भेटीत सांगून टाका की मला आठवड्यातून एकदाच येता येईल, घरचं वेळापत्रक लिहून द्या. ताईंना व्यायाम करताना मोबाईलवर व्हिडिओ काढू द्या म्हणावं, तुमच्याच हाताचा. यूट्यूबवरचा खांदा तुमचा नसतो. ऑपरेशनचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सर्वोपचार रुग्णालय आहे, अमरावतीला जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन. फिजिओथेरपीसाठी तिथं चौकशी करायला लाजू नका.

प्रवासाबद्दल. अमरावती-अकोला रस्ता पूर्वी कसा होता हे ज्यानं बडनेऱ्याहून मूर्तिजापूरपर्यंत मान सांभाळत प्रवास केलाय त्यालाच कळेल. जून २०२२ मध्ये याच दोन शहरांच्या दरम्यान १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण केलं आणि गिनीज विक्रम झाला. त्यामुळे तपासणीला जाताना हायवेवर फारसे धक्के बसत नाहीत. खरा प्रश्न हायवे सोडून गावाकडे वळल्यावर आहे. ऑटोत बसताना पट्टा घातलेला हात दांडीच्या बाजूला येणार नाही असं बसा.

आणि खर्रा. विदर्भात हा विषय टाळून बरं होण्याबद्दल बोलणं म्हणजे ढोंग. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. कड आणि हाड जुळायला रक्तपुरवठा लागतो, आणि तिथं तो मुळातच तोकडा. सिगारेट असो, खर्रा असो, आत जाणारं निकोटिन तेच. निदान पहिले तीन महिने तरी पुडी बंद. मित्रांना सांगा, भेटायला येताना केळी आणा.

हे दिसलं तर फोन करा

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, वाढत जाणारी लाली, गोळ्यांनी न थांबणारं आणि रोज वाढणारं दुखणं, ब्लॉक उतरून गेल्यावरही हाताची बधिरता किंवा बोटं न हलणं, यात वाट पाहायची नाही, सर्जनकडे जा. पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी. पडलात आणि ‘कट्’ झालं, तरीही दाखवा, दुखत नसलं तरी.

आता तुमचे राहिलेले प्रश्न, भराभर

गाडी: पट्टा असेपर्यंत नाही, ‘फक्त चौकापर्यंत’सुद्धा नाही. नंतरही हात स्वतःच्या ताकदीनं वर जातो, हँडल अचानक वळवता येतं, जोरात ब्रेक दाबून शरीराचा भार हातांवर घेता येतो, हे डॉक्टरनं तपासल्यावर. दोन महिने तर धरूनच चाला. मागे बसायचं असेल तर चांगल्या हातानं धरता येईल असं बसा.

जिम: पायांचा व्यायाम लवकर सुरू होतो, पण बारबेल मानेवर घेऊन बैठका नाही. बारबेल धरताना हात मागे-बाहेर फिरतो, तीच ती स्थिती. बेंच प्रेस, डिप्स, मानेमागून ओढणं, हे सगळ्यात शेवटी. काही जणांना कायमचं बंदही सांगतात.

फवारणी: एका भावानं दर्यापूरहून विचारलंय. पाठीवरचा पंप १६ लिटरचा, म्हणजे पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन, पट्टा खांद्यावर, आणि एका हातानं दांडा मारत राहायचा. बॅटरीचा पंप असला तरी ओझं तेवढंच. हे जड कामात मोडतं. चार ते सहा महिने धरा, आणि या हंगामापुरता माणूस लावता येत असेल तर ऑपरेशनची तारीखच पेरणी-फवारणी पाहून ठरवा. तारीख हाताशी असेल तर सर्जन ऐकतात.

कबड्डी: निदान सहा महिने, आणि तेही दोन्ही खांद्यांची ताकद मोजून. ऑपरेशननंतर खांदा पुन्हा निखळणारच नाही अशी हमी कुणी देत नाही. झटापटीच्या खेळात ती शक्यता इतरांपेक्षा जास्त राहते. मला सातवा महिना चालू आहे. हात पूर्ण वर जातो, बाहेर फिरताना डाव्यापेक्षा थोडा कमी पडतो, आणि तो तसाच राहील असं सर म्हणालेत.

खांद्यातून आवाज येतो, ‘कटकट’: न दुखता येत असेल तर सहसा काही नाही. दुखून, अडकून, किंवा गोळा सरकल्याची जाणीव होऊन येत असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

मूर्तिजापूरच्या पोराची मैदानीची तारीख अजून आलेली नाही. आली की त्याला माईकसमोर बसवणार आहे, तो हो म्हणालाय. तोपर्यंत तुमचे प्रश्न व्हॉईस नोटनं पाठवा, पण एमआरआयचे फोटो नको. ते तुमच्या डॉक्टरलाच दाखवा.